घासाचे मोजमाप

माझ्या बहिणीच्या मुलाला जो आजार आहे, त्याचे नाव नीट उच्चारायलाच घरच्यांना महिना लागला. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. इओसिनोफिल ही रक्तातली एक पांढरी पेशी. इओसिन नावाच्या गुलाबी रंगाने ती रंगते, म्हणून तिला हे नाव मिळाले. जंत, दमा, ॲलर्जी यांत ती वाढते. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र ती सहसा सापडत नाही. काही माणसांचे शरीर दूध, गहू अशा एखाद्या अन्नघटकावर चिडते. मग या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात ठाण मांडतात, सूज येते आणि वर्षानुवर्षे ती राहिली तर नळी अरुंद होत जाते. घास अडकू लागतो. १९९० च्या दशकात हा स्वतंत्र आजार म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याआधी, आणि पुष्कळदा त्यानंतरही, तो ॲसिडिटीच्या नावावर खपत आला. आमच्याकडेही काही वर्षे तसाच खपला.

मला लिहायचे आहे ते या आजाराच्या मोजमापाविषयी. रोगी बरा झाला की नाही, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे?

एक मार्ग सरळ आहे. दुर्बीण घालून अस्तराचे बारीक तुकडे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली पेशी मोजतात. एका दृष्टिक्षेत्रात १५ किंवा त्याहून अधिक इओसिनोफिल दिसले, तर निदानाला आधार मिळतो. उपचारानंतर आकडा खाली आला की सगळ्यांना हायसे वाटते. २००६ मध्ये शिकागोचे डॉ. अमीर कागलवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध, गहू, अंडी, सोया, सुकामेवा-शेंगदाणे आणि मासळी हे सहा अन्नगट बंद करून मुलांमधला हा दाह कमी होतो, हे दाखवून दिले. त्याचा पुरावाही पेशींच्या मोजणीतूनच मिळाला.

पण आकडा उतरला म्हणजे घास उतरला असे होत नाही. २०२४ मध्ये बेनरालिझुमॅब या इंजेक्शनच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २११ रोगी, २४ आठवडे. औषध घेतलेल्यांपैकी ८७.४ टक्के रोग्यांमध्ये पेशींचा आकडा ६ किंवा त्याखाली आला. औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण ६.५ टक्के होते. एवढे यश मिळूनही गिळण्याच्या त्रासात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलटेही घडते. अरुंद नळी फुग्याने ताणून रुंद केली की घास सुरळीत जाऊ लागतो, पण आतला दाह तसाच राहतो. म्हणजे पेशी एक सांगतात आणि माणूस दुसरे. दोघांचेही ऐकावे लागते.

पेशी मोजायला भिंग आहे. माणसाचे कसे मोजायचे? त्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. एकीत रोग्याने रोज नोंद करायची असते: आज घट्ट अन्न खाल्ले का, ते उतरायला त्रास झाला का, झाला तर काय करावे लागले? चौदा दिवसांच्या नोंदींवरून गुण काढतात. दुसरी मागच्या सात दिवसांविषयी विचारते. तिच्यात आठ प्रकारचे पदार्थ आहेत. मांसाचा तुकडा, खिमा, भात, पाव, लापशी, सफरचंद-गाजर वगैरे. शिवाय प्रत्येक पदार्थामागे तीन गोष्टी विचारतात: तो तुम्ही टाळता का, मऊ किंवा बारीक करून खाता का, इतरांपेक्षा हळू खाता का? मला या तीन प्रश्नांचे फार मोल वाटते. कारण हा आजार असलेला माणूस तक्रार करण्याऐवजी आपली खाण्याची रीतच बदलून टाकतो.

गेल्या वर्षी आमच्या मुलाची दुसरी तपासणी झाली. पेशी पुष्कळ कमी झाल्या होत्या. बहीण खूश होती. मीही सोबत होते. डॉक्टर बाईंनी विचारले, "घास अडकतो का आता?"

"नाही मॅडम. अल्लाहचा शुक्र, ठीक आहे."

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "या आठवड्यात मटण खाल्लंस?"

"खिमा खाल्ला."

"आणि तुकडा?"

"तुकडा मी खात नाही."

"कधीपासून?"

त्याने एकदा अम्मीकडे पाहिले. "बारावीत होतो तेव्हापासून."

बहीण माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, मला वाटायचं याला खिमाच आवडतो."

गहू बंद होता म्हणून घरी ज्वारीची भाकरी सुरू झाली होती. त्या प्रश्नावलीत भाकरी नाही. ती बाईंनी स्वतःहून विचारली. तो ती आमटीत कुस्करून, वर पाणी पिऊन उतरवत होता. वलीम्याच्या दावतीला जात होता, पण जेवायची वेळ झाली की वाढप्यांत सामील होत होता. इफ्तारला भिजवलेली खजूर आणि सरबत घेऊन 'भूक नाही' म्हणत होता. सगळे घाईने उरकून मगरिबच्या नमाजला उठतात, त्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात येणार? बाईंनी पुढची तपासणी सांगितली. नळी एका जागी अरुंद निघाली. ती टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आली. केवळ पेशींच्या आकड्यावर भरवसा ठेवला असता, तर आम्ही पेढे वाटून घरी आलो असतो.

२०२२ मध्ये या आजाराच्या संशोधनात कमीत कमी काय मोजले जावे यावर तज्ज्ञांनी आणि रोग्यांनी मिळून एकमत केले. पेशी, दुर्बिणीतून दिसणारे अस्तर, रोग्याने स्वतः सांगितलेला त्रास आणि त्याच्या जगण्याचा दर्जा, अशा चार बाजू त्यात आहेत. जठर आणि आतड्याच्या अशाच आजारांत मात्र काम अजून अवघड आहे. तिथे इओसिनोफिल मुळातच थोडे असतात, त्यामुळे किती म्हणजे जास्त हेच ठरवणे कठीण. आणि पोटदुखी, जुलाब, उलट्या अशा तक्रारीही जागेनुसार बदलतात.

आपल्या घरांत चौथी बाजू मोजणे सर्वांत कठीण आहे. कोणी हालहवाल विचारली की शुक्र अदा करण्याची आपली रीत आहे. ती सुंदर आहे, आणि सोडावी असे मी म्हणत नाही. पण दस्तरखानावर बसून अन्नाला नाव ठेवू नये ही शिकवण आणि घशात घास अडकतो हे लपवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजरत अय्यूब यांचा सब्र आपण मुलांना सांगतो. त्यांनी आपले दुखणे रबसमोर मांडले होते, हेही सांगायला हवे. सब्र करणारा माणूस मुका नसतो.

आमचा मुलगा आता तुकडा खातो, लहान करून, वेळ घेऊन. बहीण त्याला "बरा आहेस ना?" असे विचारत नाही. या प्रश्नाला त्याचे उत्तर ठरलेले असते. ती विचारते, "आज काय काय खाल्लंस, आणि काय टाळलंस?" मग तो सांगत बसतो.