छतावरची वीज आणि ३१ मार्च

छतावर सोलर बसवलेल्या घराचं विजेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. त्या दिवशी खात्यावर जी युनिटं शिल्लक असतील ती महावितरण ही वीज कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि खातं शून्यावर येतं. तुम्ही बिलात ज्या दराने वीज घेता, त्याच्या जवळपासही हा दर नसतो. मोशी, चिखली, रावेतपासून चाकणपर्यंत मी सोलर यंत्रणांची आखणी करतो. घरमालकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "जास्तीची वीज बोर्डाला विकून महिन्याला किती सुटतील?" माझं उत्तर ऐकून काहीजण नाराज होतात, पण ते पैसे भरण्याआधी ऐकलेलं बरं. विकण्यासाठी सोलर बसवू नका, वर्षभर स्वतः वापरण्यासाठी बसवा.

नेट मीटर दोन आकडे वेगवेगळे मोजतो: ग्रिडकडून घेतलेली वीज आणि ग्रिडला दिलेली वीज. दुपारी घरात पंखा आणि फ्रिज एवढंच चालू असतं, तेव्हा उरलेली वीज बाहेर जाते. रात्री तुम्ही ग्रिडकडून घेता. महिन्याच्या शेवटी दिलेली युनिटं घेतलेल्यांतून वजा होतात, एकाला एक. दिलेली जास्त असतील तर ती पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा होतात. बिल शून्यावर मात्र येत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते नव्याने केले. एकाला एक ही वजाबाकी दोन्ही वेळा टिकली. घरगुती ग्राहकाचा खरा फायदा तिच्यातच आहे. दुपारी बाहेर गेलेलं युनिट रात्री पूर्ण मोलाने परत येतं. तेच युनिट ३१ मार्चपर्यंत पडून राहिलं, तर मातीमोल जातं.

आता आपल्याकडच्या ऋतूंशी ही तारीख ताडून पाहा. एप्रिल-मे मध्ये ऊन कडक असतं, जमाही बरी होते आणि ती पावसाळ्यात उपयोगी पडते. जुलै-ऑगस्टमध्ये मावळाकडून ढग येऊन बसले की उत्पादन जवळपास अर्ध्यावर येतं. इथपर्यंत वर्षाची आखणी सोयीची आहे. अडचण हिवाळ्यात सुरू होते. दिवाळीनंतर आकाश निरभ्र होतं. पॅनल थंड राहिल्यामुळे वीजही चांगली देतं, कारण तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. घरात तेव्हा पंखे बंद असतात, एसी झाकलेला असतो. डिसेंबर ते मार्च युनिटं साठत जातात आणि घरात एसी सुरू व्हायच्या तोंडावर ३१ मार्च उजाडतो. हिवाळ्याची सगळी शिल्लक स्वस्तात जाते.

म्हणून यंत्रणेचा आकार नेमका ठरवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. आपल्या भागात एक किलोवॉटला महिन्याला सरासरी १२० युनिटं धरतात. हा आकडा विक्रेत्यांच्या पत्रकातला आहे म्हणून सोडून देऊ नका. चिखलीच्या टाटा मोटर्सच्या कारखान्यात २०२१ मध्ये गाड्यांच्या पार्किंगवर ६.२ मेगावॉटचं सोलर छत उभं राहिलं. त्यातून वर्षाला ८६.४ लाख युनिटं अपेक्षित धरली होती. भागाकार केला तर एका किलोवॉटमागे महिन्याला ११६ युनिटं येतात. मोठा कारखाना असो की मोशीतलं रो-हाउस, ऊन तेच आहे.

समजा एका कुटुंबाचा वर्षाचा वापर २,४०० युनिटं आहे. त्यांना पावणेदोन किलोवॉट पुरतात. पण त्यांना तीन किलोवॉट घ्यायला सांगितलं जातं, कारण पीएम सूर्यघर योजनेचं सर्वाधिक अनुदान, ७८,००० रुपये, तीन किलोवॉटला मिळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या या योजनेची रचना नीट वाचा: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००. म्हणजे तिसऱ्या किलोवॉटमध्ये खिशातला पैसा जास्त जातो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत, आणि १०१ ते ३०० मधलं युनिट १०० च्या आतल्या युनिटाच्या जवळपास दुप्पट पडतं. पहिली पॅनल महागड्या टप्प्यातली युनिटं वाचवतात, पुढची स्वस्त टप्प्यातली. त्यापुढची पॅनल काहीच वाचवत नाहीत, ती फक्त ३१ मार्चसाठी वीज साठवतात. घरात एसी, इंडक्शन किंवा विजेवरची गाडी येणार हे नक्की असेल, तर तिसरा किलोवॉट जरूर घ्या. नाहीतर तो पैसा घरातल्या जुन्या वायरिंगवर आणि अर्थिंगवर खर्च करा, असं मी स्पष्ट सांगतो.

बाहेर गेलेली वीज जाते कुठे? बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये. जवळचा भार ती आधी उचलतो. एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, सोलरची घरं फार झाली आणि दुपारी वापर कमी असला, की व्होल्टेज वर सरकतं. २३० च्या जागी २५० च्या पुढे गेलं की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो आणि घरमालक पॅनल खराब निघाल्याची तक्रार करतो. म्हणून एका रोहित्रावर किती सोलर जोडायचं याला मर्यादा आहे, आणि ती असायलाच हवी. भोसरी आणि चाकणमधल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी शेडच्या पत्र्यावरची वीज वापरायला मशीन चालू नसतं, आणि शेजारची शेडही बंद असते. शिवाय वेळेनुसार दर लागू असलेल्या ग्राहकांसाठी २०१९ च्या नियमांनी वजाबाकी त्या त्या वेळेशी बांधली. दिलेली वीज आधी त्याच वेळेच्या वापरातून वजा होते आणि त्यातून उरलेली स्वस्त तासांतली धरली जाते. लघुउद्योजकाने शेडचं क्षेत्रफळ मोजण्याआधी गुरुवारचा हिशेब मांडावा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगावी लागते. लाइट गेली की छतावरची वीजही बंद होते. ग्रिड मृत असताना घराघरांतून वीज तारेत जात राहिली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल, म्हणून इन्व्हर्टर क्षणात सुटतो. ९ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे ४०० केव्हीच्या वाहिन्यांवर बिघाड होऊन पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण अंधारात गेलं. अशा वेळी ऊन चढल्यावरही, बॅटरी नसलेली सोलर घरं शेजाऱ्यांसारखीच वीज येण्याची वाट पाहतात. ही सुरक्षितता आहे, यंत्रणेतला दोष नाही.

एकाला एक ही वजाबाकी कायमची आहे असं मी कुणालाही सांगत नाही. २०१९ च्या मसुद्यात ती महिन्याला ३०० युनिटांपर्यंतच ठेवण्याचा विचार होता. ग्राहक संघटनांनी जोरदार हरकती घेतल्या आणि अंतिम नियमांत ती मर्यादा आली नाही. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांसाठी बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला खूपच कमी केला. नेदरलँड्स १ जानेवारी २०२७ पासून ही वजाबाकी पूर्ण बंद करत आहे. कारण सगळीकडे सारखंच आहे: दुपारी वीज मुबलक असते आणि संध्याकाळी महाग. आपल्याकडेही जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणाऱ्या, मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. महावितरणची अडचण मला समजते. तरीही दोन-तीन किलोवॉटच्या घरासाठी ही वजाबाकी टिकली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. या कुटुंबांनी पंचवीस वर्षांचा हिशेब करून कर्ज काढलं आहे. मध्येच नियम बदलले तर पुढचा माणूस छत देणार नाही.

सगळ्यात मोठी संधी मला सोसायट्यांच्या गच्चीवर दिसते. वाकड, पिंपळे सौदागर, रावेतच्या सोसायट्यांत लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे एका सामाईक मीटरवर असतात. त्यासाठी सूर्यघर योजनेत किलोवॉटला १८,००० रुपये, ५०० किलोवॉटपर्यंत, मिळतात. गाड्यांचं चार्जिंगही त्यात धरलं आहे. हा वापर वर्षभर जवळपास सारखा राहतो, म्हणून ३१ मार्चला फारसं काही शिल्लक उरत नाही. पंप पहाटेऐवजी दुपारी बारा ते तीन चालवले तर वीज ग्रिडकडे जातच नाही. वरच्या टाकीत ती पाण्याच्या रूपाने साठते. गच्ची कुणाची, यावरून सभेत वाद होतात. सोसायटी नोंदणीकृत असेल आणि ठराव झाला असेल तर काम पुढे जातं.

ज्यांच्याकडे यंत्रणा आधीच आहे, त्यांनी जानेवारीचं बिल आलं की जमा युनिटं पाहावीत. दीड-दोनशेच्या वर असतील तर मार्चअखेरपर्यंत गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक करावा, अंघोळीचं पाणी गीझरवर तापवावं. आकुर्डीत बनणारी विजेवरची चेतक दारात असेल तर ती तीन-चार युनिटांत पूर्ण चार्ज होते. एप्रिलच्या बिलात वर्षाअखेरच्या विक्रीची रक्कम आली आहे का ते तपासावं, आणि आली नसेल तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.