काळा पाऊस

दुर्बिणीला डोळा लावला आणि आधी निराशाच झाली. हायड्रोजन-अल्फा फिल्टरमधून सूर्य डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल दिसत होता. कडेला, सुताची दशी निघावी तसा, एक बारीक तंतू.

"हलतो का हा?"

"चहा घेऊन या, मग बघा," दुर्बिणीपाशी बसलेले काका म्हणाले.

चहा पिऊन आले, तर तंतूची कमान झाली होती. त्या एवढ्याशा कमानीखालून दोन-तीन पृथ्व्या सहज निघून गेल्या असत्या.

हा प्रोमिनन्स. मी आपली सौरशिखा म्हणते. ज्वाला म्हणवत नाही, कारण तिथे काही जळतच नाही. सूर्याभोवतीच्या दहा लाख अंशांच्या किरीटात, म्हणजे कोरोनात, जेमतेम दहा हजार अंशांचा, म्हणजे तिथल्या मानाने थंडगार आणि शंभरपट दाट वायू चुंबकीय रेषांच्या झोळीत पडून असतो. कधी आठवडेच्या आठवडे. कडेला उजळ दिसणारी हीच शिखा सूर्यबिंबासमोर आली की काळा दोरा होते.

मग कधीतरी झोळी वर सरकू लागते. सेकंदाला चार-पाच किलोमीटर, म्हणजे सूर्याच्या हिशेबात रांगतच. वरच्या चुंबकीय कमानींनी तिला दाबून धरलेलं असतं. दूध तापताना साय अशीच फुगत राहते, आणि आपण जरा मान वळवली की सगळं ओट्यावर! कमानींची पकड सुटली की शिखा सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने उसळते, अंगातला पीळ उलगडत, गिरक्या घेत.

७ जून २०११ ची अशी उसळी नासाच्या एसडीओ यानाने टिपली. ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेन! लोक उसळीवर खूश होतात. मी त्यानंतरच्या भागासाठी बसते. काही वायू अवकाशात निघून जातो, पण बराचसा वरच अडखळतो, फाटतो, त्याला बोटं फुटतात, आणि त्यांचे काळे थेंब होऊन खाली येऊ लागतात. जवळजवळ अर्ध्या सूर्यबिंबावर हा पाऊस पसरला. थेंब काळे, पण जिथे आपटतात तिथे लख्ख उजेड पडतो, पडण्याच्याच जोराचा.

शेवटचा थेंब कुठला, ते अजून मला पकडता आलेलं नाही. संपलं म्हणून बोट बटणाकडे न्यावं, तर डावीकडे खाली कुठेतरी आणखी एक ठिपका चमकतो.