मामीचा डबा आणि मामांच्या गोळ्या

इंदूरहून खंडव्याचा रस्ता धरला की असीरगड मागे पडतो, बऱ्हाणपूर येतं आणि पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. रस्त्याचं नावच इंदूर-इच्छापूर. तरी बहुतेक गाड्या इच्छापूरला न थांबता पुढे मुक्ताईनगरकडे जातात. टेकडीवरच्या इच्छादेवीला नवरात्रात गर्दी असते, एरवी गाव शांत. आम्ही थांबतो, कारण तिथे माझं आजोळ आहे. मध्य प्रदेश इथे संपत आला, तरी घरात मराठी आणि दुकानात हिंदी असा कारभार.

यंदा पौषात गेलो. मामीने कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. ज्वारी आणि सालासकट उडीद, त्यात मीठ, एकत्र दळून आणलेलं पीठ. लहानपणी या काळपट भाकरीला मी नाक मुरडायचो. मोठेपणी कळलं, की ज्वारीत लायसिन कमी असतं, ते उडीद देतो; उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. सालामुळे पोटाला चोथाही मिळतो. आहारतज्ज्ञ जे तक्ते काढून सांगतात, ते इथल्या बायांनी जात्यावर कधीच जमवलं होतं.

सोबत कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. त्यात ठेचलेली मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि हात न आखडता तेल. जेवण झाल्यावर मामीने तळहातावर भाजलेला ओवा ठेवला.

"एवढं तेल खाल्लंस, आता हा चाव."

मामांच्या ताटात मात्र भाकरी एकच आणि भरीत वेगळं, कमी तेलाचं. चालतानाही ते जपून पाऊल टाकत होते. मग सगळी हकीकत कळली. पावसाळ्यात मोबाईलवर कुणाचा तरी निरोप आला होता: रोज मेथीचं पाणी प्या, साखर मुळापासून जाते. मामांनी मेथी सुरू केली आणि गोळ्या बंद केल्या, कुणाला न सांगता. दोन महिन्यांनी शेतात पायाला काटा लागला. मामीने हळद भरली, पण जखम भरेना, चिघळत गेली. बऱ्हाणपूरला दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले. बोट वाचलं, एवढंच.

"मामी, म्हणजे मेथी खोटी का?" मी विचारलं.

"मेथी कशाला खोटी असेल? तिला गोळीचं काम सांगितलं, ते चुकलं."

यात सगळं आलं. मेथीतला विरघळणारा चोथा जेवणातली साखर रक्तात हळू उतरवतो, हे खरं आहे. पण मधुमेह त्याने जात नाही, आणि गोळी आपल्या मनाने सोडायची नसते. हळदीचंही तसंच. तिच्यातलं कर्क्युमिन शरीरात फार थोडं शोषलं जातं. मिरपुडीने ते वाढतं, म्हणून हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड चांगली. पण फोडणीतली चिमूट वेगळी आणि बाटलीतल्या कॅप्सूल वेगळ्या. त्या जास्त घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दुसरं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

आपल्यातले काही जण आजीचा बटवा म्हणून हसतात, तर काही जण त्यालाच दवाखाना समजतात. मामीच्या फळीवर आता मसाल्याचा डबा आणि मामांच्या गोळ्यांची पिशवी शेजारी शेजारी असते. दोघांची कामं वेगळी, पण फळी एकच.

निघण्याआधी देवीला गेलो. दरवर्षी मामा पुढे असतात आणि मी धापा टाकत मागे. यंदा ते पायथ्याशी कट्ट्यावर बसले.

"तू जाऊन ये. माझा नमस्कार सांग," म्हणाले, "अन् सांग, पुढच्या वर्षी स्वतः येतो."

उतरलो, तेव्हा मामी त्यांना घड्याळ दाखवत होती. दुपारच्या गोळीची वेळ झाली होती.