तबली, तारा आणि नव्या गिटारीचा प्रश्न

नवी गिटार घ्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता पैशांचा आणि हौशीचा वाटतो. प्रत्यक्षात तो हाती असलेल्या वाद्याच्या परीक्षेचा आहे, आणि ती परीक्षा न करताच दुकान गाठले, तर जुन्या गिटारीला लागलेलेच दुखणे वर्षभरात नवीलाही लागण्याचा संभव असतो.

या परीक्षेसाठी परिभाषा हवी असेल, तर ती मिरजेच्या तंतुवाद्यांकडून उसनी घेता येते. पोकळ पेटीवरची पातळ फळी ती तबली, तारा जिच्यावरून जातात ती घोडी, लांब मान ती दांडी, तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या ते पडदे आणि तारा ताणून धरणाऱ्या त्या खुंट्या. एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या मिरजेला २०२४ मध्ये या वाद्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे तंबोऱ्याचा नाद बोथट झाला म्हणून तो मोडीत निघत नाही, तर घोडीचा माथा घासून जवारी, म्हणजे तारेच्या नादातला झंकार, नव्याने काढून घेतली जाते. वाद्यातले झिजणारे काय आणि टिकणारे काय, याचा हा विवेक गिटारीलाही तितकाच लागू पडतो.

सर्वांत आधी झिजते ती तार. घाम आणि गंज चढलेली तार सुरात लागत नाही, आणि दोष मात्र वाद्याच्या माथी येतो. तार बाराव्या पडद्यावर हलकेच स्पर्शून छेडली असता निघणारा अधिस्वर आणि तीच तार तेथे दाबून वाजवल्यावर येणारा स्वर एकच असला पाहिजे, कारण तो पडदा तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या निम्म्यावर बसवलेला असतो. नव्या तारा घालूनही हे दोन स्वर जुळत नसतील, तरच घोडीकडे वळावे. त्याच जागी पडदा आणि पोलादी तार यांमधले अंतर साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असावे. ते जास्त असल्यास बोटे दुखतात, आणि शिकणारा स्वतःच्या हाताला किंवा गिटारीला नावे ठेवतो. यावर घोडीतली पट्टी खालून घासणे किंवा ट्रस रॉड, म्हणजे दांडीचा बाक सुधारण्यासाठी तिच्या आत बसवलेली सळई, जपून फिरवणे एवढाच उपाय अनेकदा पुरतो. नायलॉनच्या तारांसाठी केलेल्या गिटारीवर पोलादी तारा चढवण्याची चूक मात्र याहून महाग पडते, कारण पोलादी तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास जातो आणि तो सोसण्यासाठी ती पेटी घडवलेलीच नसते.

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात या परीक्षेला ऋतूची जोड द्यावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. कोरड्या हवेत लाकूड आक्रसते, तबली किंचित खाली बसते, तारा पडद्यांवर खरखरतात आणि पडद्यांची टोके दांडीच्या कडेने बोटांना टोचू लागतात, तर पावसाळ्यात तेच लाकूड ओल पिऊन फुगते, तबली वर येते आणि तारा उंचावतात. म्हणून मे महिन्यात किंवा श्रावणात गिटारीवर दिलेला निकाल कच्चा समजावा, आणि दिवाळीनंतर हवा स्थिरावली की तीच गिटार पुन्हा तपासून पाहावी.

हे सारे करूनही आवाज कोंडलेलाच राहिला, तर उरते ती तबली. स्पेनचा गिटारकार आंतोनिओ दे तोर्रेस याने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या, पण तबली उत्तम लाकडाची, अशी एक गिटार केली आणि नाद मुख्यतः तबलीच देते हे दाखवून दिले. स्वस्त गिटारीची तबली बहुधा प्लायवूडची असते. ती उन्हाळे-पावसाळे निमूट सोसते, मात्र तिच्या नादाला लवकर मर्यादा पडते. अखंड फळीची तबली वर्षानुवर्षे वाजवून खुलत जाते, पण कोरड्या हवेत तडकतेही, आणि अशी तडक सांधणारा कारागीर खेडेगावात सहसा हाताशी नसतो. तेव्हा अखंड तबलीची गिटार घेणाऱ्याने ती ठेवण्याची बंद पेटी आणि उन्हाळ्यात तिच्यात ओलावा राखण्याची सोय यांचा खर्च किमतीतच धरावा; ती निगा जमणार नसेल, तर प्लायवूडची गिटारच शहाणपणाची.

सारांश, तार, घोडी आणि बाक यांवर इलाज आहे, तबलीवर नाही. वाजवणाऱ्याचा हात तबलीच्या पुढे गेला असेल तेव्हाच नवी गिटार घ्यावी, आणि तोवर तेच पैसे नव्या तारांवर खर्च करावेत.