धारणीचा मिस्त्री

परतवाडा मागे पडला की वऱ्हाडची सपाट काळी जमीन संपते आणि सातपुड्याचे राज्य सुरू होते. घटांगपर्यंत चढ, पुढे सेमाडोहकडे उतार, मग सिपनेच्या सोबतीने कोलकास, हरिसाल आणि शेवटी धारणी. दुतर्फा सागाचे रान. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होता. वाघ मात्र दर्शन देण्याच्या बाबतीत मोठा कृपण!

धारणी तालुक्याचे गाव. मध्यप्रदेश जवळच; त्यामुळे बाजारात वऱ्हाडी, हिंदी आणि कोरकू अशा तिन्ही भाषा एकदम कानी पडतात. कोरकूचे सगेसोयरे म्हणजे संथाळी, मुंडारी; ते राहिले दूर पूर्वेकडे.

गेल्या दिवाळीआधी किराणा नेणाऱ्या एका डिझेल पिकअपमधून मी तिकडे गेलो. घटांगच्या चढावर गाडी धापा टाकू लागली आणि उतारावर ब्रेकचे पायडल दगडासारखे घट्ट झाले. चालकाने खालच्या गिअरवर, जीव मुठीत धरून, ती धारणीच्या एका मिस्त्रीसमोर उभी केली.

"डिझेल फिल्टर बदला अन् ब्रेक पाहा," चालक म्हणाला. त्याला धनत्रयोदशीला घर गाठायचे होते.

"दोन रोग नाहीत भाऊ, एकच आहे," मिस्त्री म्हणाला. "इंजिन बंद करा. पायडल चार-पाच वेळा दाबा. आता दाबूनच ठेवा अन् गाडी चालू करा. खाली बसलं का?"

पायडल तसूभरही हलले नाही.

वाचकहो, आपल्या भोवतालची हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार टाकते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये पडद्याच्या एका बाजूची हवा पंपाने उपसून घेतात. दुसऱ्या बाजूची हवा पडदा ढकलते आणि चालकाच्या पायाला बळ देते. या गाडीत टर्बोची झडपही त्याच पोकळीवर चाले. म्हणून चढावर दम आणि उतारावर ब्रेक, दोन्ही एकदम गेले. जुन्या मीटरगेज आगगाड्यांचे ब्रेकही पोकळीवरच चालत. पण तिथे नळी फुटली तर ब्रेक आपोआप लागत. इथे नळी फुटली की मदत तुटते.

मिस्त्रीने पंपाच्या तोंडावर अंगठा धरला. ओढ जोरदार; म्हणजे पंप शाबूत. मग बूस्टरकडे जाणारी रबरी नळी काढून तिचे एक टोक बंद केले आणि ती पाण्याच्या बादलीत बुडवली. हाताखालच्या कोरकू पोराने दुसऱ्या टोकातून फुंकर मारली. जिथे नळी लोखंडी पट्टीला घासत होती, तिथून बुडबुडे निघाले. सायकलचे पंक्चर शोधावे तसे!

"टेप गुंडाळून द्या, परतवाड्याला बदलतो," चालक म्हणाला.

"मधात घाट आहे जी. टेप तापली की सुटते. अन् साधी मऊ नळी लावली तर पोकळीनं आतल्या आत मिटते." त्याने पोराला पिटाळले. तासाभराने जाड भिंतीची नवी नळी आली. तिला दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या आणि घासणाऱ्या जागी रबराचा तुकडा बांधला.

पुन्हा तीच परीक्षा. या वेळी इंजिन सुरू होताच पायडल मऊपणे खाली बसले. इंजिन बंद करून त्याने पाच मिनिटे थांबायला लावले. तरीही पहिली दाब मऊच. म्हणजे एकमार्गी झडपही ठीक.

"आता माल उतरवा," मिस्त्री हात पुसत म्हणाला, "अन् सकाळी निघा. घाट उजेडात उतरावा."

चालकाने हातातली किल्ली खिशात ठेवली आणि पोत्यांचे दोर सोडायला घेतले.