अहो, गाडी रुळावरच असते की!

तुम्ही म्हणाल, आत्ता जाग आली का? म्हणा, खुशाल म्हणा! २०१८ सालीच जे ॲप एक कोटीहून अधिक वेळा डाउनलोड झालेलं होतं, ते मला आत्ता सापडलंय आणि सापडल्यापासून भेटेल त्याला पकडून मी ते दाखवत सुटलोय. शेजारी झाले, ऑफिसातले झाले, केस कापता कापता सलूनवाल्यालाही दाखवून झालं. तो आरशातूनच म्हणाला, "साहेब, हे तर माझ्या आईच्या फोनमध्येपण आहे." असू दे ना! पण ते चालतं कसं, हे ठाऊक आहे का? मला ठाऊक आहे! आणि ते सांगितल्याशिवाय मला काही आता चैन पडायची नाही.

ॲपचं नाव 'व्हेअर इज माय ट्रेन'. काढलं बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्ज नावाच्या एका छोट्याशा कंपनीनं. आणि मला ते दाखवलं देवगिरी एक्स्प्रेसमधल्या एका मामांनी.

देवगिरी रात्री मुंबईहून निघते, मनमाडला वळते आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी करत नांदेडकडे जाते. मला सेलूला उतरायचं होतं. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांना पहाटेची ती धाकधूक सांगायला नको. बाहेर काळोख, काचेवर दव, सेलूला गाडी थांबणार जेमतेम, आणि त्यात मार्ग एकेरी. म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीसाठी आपली गाडी कुठंही उभी राहणार. उभी राहिली की प्रत्येक वेळी उठायचं, दारापर्यंत जायचं, अंधारात पाटी शोधायची आणि परत यायचं. फोनवर बघावं तर नेटचं चक्र नुसतं गरगर फिरतंय. माझी ही ये-जा समोरच्या बर्थवरून मफलर गुंडाळलेले एक मामा बघत होते.

"कुठं उतरायचंय तुम्हाला?"

"सेलूला."

"मग पडा की निवांत. अजून रांजणी यायचीय. मग परतूर. मग तुमचं सेलू."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलंसुद्धा नव्हतं! मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर एक उभी रेघ, रेघेवर ओळीनं स्टेशनं, आणि मधे एका ठिकाणी आमची गाडी. रांजणीच्या अलीकडे, काही किलोमीटरवर.

"तुमच्याकडं नेट चालू आहे का इथं? माझं तर केव्हाचं गेलंय."

"नेट कुठलं! पॅक कवाच संपलाय. ह्याला नेट लागतच नाही. टॉवरवर चालतंय ते."

टॉवरवर! मी जीपीएसचं चिन्ह शोधलं. तेही बंद! तेवढ्यात गाडीनं झोका घेतला, हलली, आणि थोड्या वेळानं खिडकीतून पिवळी पाटी सरकत गेली: रांजणी. पडद्यावरची गाडीही रांजणीवर! मग परतूर, तिथंही तेच. मामा एव्हाना घोरायला लागले होते. त्यांच्यासाठी यात काहीच नवल नव्हतं. मी मात्र टक्क जागा होतो. सेलूला उतरून नेट मिळताच मी पहिली गोष्ट काय केली असेल तर ते ॲप उतरवलं, आणि दुसरी म्हणजे त्याच्या मुळाशी गेलो. आणि काय सांगू, त्यातली युक्ती ॲपहूनही भारी निघाली!

ऐका. आपला फोन खिशात गप्प पडलेला असला तरी तो गप्प नसतो. तुम्हाला फोन आला तर तो कुठं पोचवायचा हे मोबाइल कंपनीला कळायला हवं, म्हणून तो सतत जवळच्या टॉवरच्या संपर्कात असतो. आणि प्रत्येक टॉवर आपली ओळख हवेत पुकारत असतो: देशाचा आकडा (भारताचे ४०४ आणि ४०५), मग कंपनीचा, मग भागाचा, मग त्या टॉवरच्या नेमक्या सेलचा. हे आकडे फोनला ऐकू येतात, डेटा पॅक असो वा नसो. त्याला पैसे पडत नाहीत. बॅटरी वेगळी खर्च होत नाही, कारण हे काम फोन तसाही करतच असतो. ॲप काय करतं? तो आकडा वाचतं आणि आधीच फोनमध्ये भरून ठेवलेल्या यादीत बघतं, की हा टॉवर आहे कुठला. संपलं! ना उपग्रह, ना इंटरनेट.

"थांबा," माझा एक इंजिनिअर मित्र म्हणाला. त्यालाही मी सोडलं नव्हतं. "टॉवरवरून नेमकी जागा कळत नाही. खेड्यात एकेक टॉवर कित्येक किलोमीटरचा प्रदेश सांभाळतो. तू त्यातल्या कुठल्या शेतात आहेस हे त्याला कसं कळणार?"

बरोबर! अगदी बरोबर! रिक्षा शोधायची असती तर या युक्तीचा काडीइतका उपयोग नव्हता. पण गाडी शेतात जात नाही हो! गाडी रुळावरच असते! ती दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखी आहे. पुढे सरकेल नाही तर मागे, बाजूला जायची सोयच नाही. टॉवरनं एवढंच सांगितलं, की तुम्ही या पंचक्रोशीत आहात, तरी त्या पंचक्रोशीतून रूळ जातो तो एवढाच तुकडा. शिवाय कुठली गाडी, ते तुम्ही सांगितलेलं आहे. तिचा मार्ग, वेळापत्रक, स्टेशनांमधली अंतरं सगळं फोनमध्ये आहे. आणि गाडी पुढे जाईल तसा फोन एक टॉवर सोडून दुसरा पकडतो, तेव्हा आपण कुठल्या तुकड्यातून कुठल्या तुकड्यात आलो तेही कळतं. मित्र क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "च्यायला!" इंजिनिअर माणसाकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

मला या कंपनीचं जे वेड लागलंय ते यासाठी. त्यांनी काही नवं यंत्र आणलं नाही. इंजिनांवर पेट्या बसवल्या नाहीत, प्रवाशाला नवा फोन घ्या म्हटलं नाही. आकडा फोनमध्ये पडून होता, रूळ कधीपासून जमिनीवर पडून होते. दोन्हींची गाठ घालायचं तेवढं बाकी होतं!

ही गाठ घातली कुणी? अहमद निझाम मोहैदीन, अरुणकुमार नागराजन, बालसुब्रमणियन राजेंद्रन, मीनाक्षी सुंदरम आणि शशीकुमार वेंकटरामन या पाच जणांनी. सगळे टिवो या अमेरिकी कंपनीत काम केलेले. टिवो म्हणजे टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या यंत्रासाठी गाजलेली कंपनी. टीव्हीच्या दुनियेतली माणसं आणि त्यांनी हात घातला तो कुठं, तर भारतीय रेल्वेच्या उशिरात! बरं, रेल्वेशी त्यांचा संबंध काही नाही. ॲप खासगी आहे, रेल्वेचं नाही, हे ते स्वतःच सांगतात.

रेल्वेची स्वतःची पद्धत काय, तेही मी मग वाचून काढलं. तीही मला तितकीच आवडली! गाडी स्टेशनातून गेली की स्टेशनमास्तर कंट्रोलला वेळ कळवणार. तिथं सेक्शन कंट्रोलर मोठ्या आलेखावर एका बाजूला स्टेशनं आणि दुसऱ्या बाजूला वेळ धरून प्रत्येक गाडीची तिरकी रेघ ओढत नेणार. पूर्वी हे पेन्सिलीनं कागदावर चालायचं, आता संगणकावर चालतं. रेघ आडवी झाली की समजायचं, गाडी थांबली. चौकशीचा १३९ क्रमांक आणि गाड्यांची चालू स्थिती सांगणारी रेल्वेची एनटीईएस सेवा यांच्यामागे ही सगळी यंत्रणा उभी आहे. पुढे रेल्वेनं इस्रोच्या मदतीनं इंजिनांवर उपग्रहाशी बोलणारी साधनंही बसवायला घेतली. पण गाडी दोन स्टेशनांच्या मधे अडकली, की डब्यातल्या माणसाला, त्यात नेट नसलेल्याला, सांगणार कोण? ती फट या पाच जणांना दिसली.

आणि अजून एक गंमत! डब्यात बसलेल्या कुणाच्या फोनला नेट मिळालं, तर त्याच्या ॲपकडून गाडीचा ठावठिकाणा पुढे जातो आणि जालन्याच्या फलाटावर चहा पीत उभ्या असलेल्या माणसाला तो दिसतो. म्हणजे ज्याला गाडी कुठं आहे हे हवं होतं, तो आत बसला की स्वतःच बाहेरच्यांना ते सांगायला लागतो! अर्थात घरी बसून गाडी बघायची तर नेट लागणारच, तेवढं लक्षात ठेवा. विनानेटची जादू आहे ती गाडीत बसलेल्यासाठी. आणि लांब बोगद्यात रेंज गेली, की पडद्यावरची गाडीही खोळंबते. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. तिथं बोगद्याबाहेर पडल्यावर गाडी पडद्यावर एकदम उडी मारते. मला तर ती उडीसुद्धा आवडते!

बारकावे तर विचारू नका. स्टेशनाचं स्पेलिंग चुकवा, तरी त्याला कळतं. गाडीचा नंबर पाठ नसला तरी चालतं. उतरायच्या स्टेशनाआधी उठवणारा गजर आहे. आपला डबा इंजिनापासून कितवा, ते दिसतं. सामान, म्हातारी माणसं आणि छोटा थांबा असं त्रांगडं असलं की या एका गोष्टीची किंमत कळते. आणि सगळं मराठीत! भाषा बदलली की स्टेशनांची नावं देवनागरीत ओळीनं उभी राहतात. आत्याच्या फोनमध्ये मी हे करून दिलं, तर ती पहिल्यांदा म्हणाली, "म्हणजे आता डब्यात कुणाला विचारायला नको?" आणि दुसऱ्यांदा म्हणाली, "पण मग बोलायचं काय लोकांशी?" याचं उत्तर सिग्मॉइड लॅब्जकडेही नसावं.

मुंबईकर एव्हाना अस्वस्थ झाले असतील. एम-इंडिकेटरचं नाव कसं घेतलं नाही म्हणून! घेतो ना. सचिन टेके यांनी ते २०१०मध्ये आणलं, तेव्हा आपल्याकडे बहुतेकांच्या हातात बटणांचे साधे जावा फोन होते. लोकलचं सगळं वेळापत्रक त्यांनी फोनच्या पोटातच भरून दिलं. ते बघायला नेट लागायचं नाही. पुढे त्यात रिक्षा-टॅक्सीचं भाडं आलं, बस आल्या, रविवारचा मेगाब्लॉक आला. तिथंही काम करणारी माणसं थोडीच आणि शहाणपण तेच: नेट नसणार असं धरूनच चालायचं. मोठ्या कंपन्या धरून चालतात की नेट असणारच. ही माणसं रांजणी ते परतूर डोळ्यांपुढे ठेवून लिहितात. मला तर वाटतं, छोट्या कंपनीचं बळ यातच आहे. तिला शंभर गोष्टी करायच्या नसतात. एकच करायची असते, मग त्या एकीसाठी ती टॉवरचे आकडेही गोळा करते आणि सेलूचं चुकलेलं स्पेलिंगही समजून घेते.

तर डिसेंबर २०१८मध्ये गूगलनं सिग्मॉइड लॅब्ज विकत घेतली. किंमत जाहीर झाली नाही. बातम्यांमध्ये तीन ते चार कोटी डॉलरचा अंदाज छापून आला. हे वाचून माझं तोंड जरा उतरलं, कारण मोठा मासा छोट्याला गिळतो आणि मग छोटा दिसत नाही, असं आपण पुष्कळदा बघितलंय. पण ॲप आपल्याच नावानं अजून आहे! उलट जून २०१९मध्ये गूगल मॅप्सवर लांब पल्ल्याच्या गाड्यांची ताजी स्थिती दिसायला लागली, ती या ॲपच्याच जोरावर. म्हणजे ज्यांनी हे ॲप उतरवलंच नाही, तेही नकळत या मंडळींचं काम वापरत होते. मीसुद्धा!

आता तुम्ही एक करा. पुढच्या प्रवासात रात्री सगळे झोपले, की डेटा बंद करा, जीपीएस बंद करा, ॲपमध्ये आपली गाडी निवडा, आपण गाडीतच आहोत असं त्याला सांगा आणि बघत बसा. मनमाडला बघा, भुसावळला बघा, चिपळूणला बघा. पाटी येईल आणि पडद्यावरची गाडी त्याच पाटीवर असेल. तुम्ही शेजाऱ्याला उठवून दाखवलं नाहीत तर माझं नाव बदला!

आमच्या घरात तर मी फर्मानच काढलंय: कुणाला आणायला स्टेशनवर जायचं असेल, तर पाहुण्यांना "कुठं पोचलात?" असा फोन करायचा नाही. मला विचारायचं. परवा मेहुणे येणार होते, तर बायको म्हणाली, "अहो, त्यांना एकदा विचारून तरी बघा." विचारायचं कशाला? मीच त्यांना फोन करून कळवलं, की भाऊजी, उठा, लासूर गेलं, आता सामान दाराशी आणायला घ्या.