प्रकृतीची विचारपूस

गणपतीला पुण्याहून आलेला आमचा भाचा ओटीवर लॅपटॉप उघडून बसला आणि थोड्या वेळाने कपाळावर हात मारून म्हणाला, "मामा, कंटेनर आजारी पडलाय!"

नागोठण्याच्या माणसाला कंटेनर म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर रोज दिसतात. मी सहज विचारलं, "कुठल्या खड्ड्यात?"

पासबुक उलटं धरणाऱ्या खातेदाराकडे मी ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मग समजावलं. हा कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामानसुमान एकत्र भरलेली संगणकातली पेटी. या पेट्या सांभाळणाऱ्या डॉकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१६ पासून प्रकृती विचारायची सोय आहे. वेगळं काही सांगितलं नाही, तर दर ३० सेकंदांनी विचारपूस. लागोपाठ ३ वेळा धड जबाब आला नाही की 'अनहेल्दी' अशी पाटी. पाटी लावणारा डॉकर. ती पाहून पेटी काढणारा आणि नवी उभी करणारा वरचा कोणी वेगळाच. म्हणजे आमच्या बँकेसारखंच. शेरा कारकुनाचा, बदली साहेबाकडून!

"पण त्याला झालंय काय?"

"काही नाही हो! उठायला दोन मिनिटं लागतात. दीड मिनिटातच तीनदा नापास. मग त्याला काढतात, नवा आणतात. तोही उठतोय तोवर..."

"मग औषध?"

"सुरुवातीला सवड द्यायची. स्टार्ट पिरियड. तेवढ्या वेळात जबाब नाही आला तरी तो मोजत नाहीत. ती ओळच मी लिहायची विसरलो."

मी गप्प झालो. दोनच महिन्यांपूर्वीची गोष्ट. मी पेणच्या शाखेत, आई घरी एकटी, बाहेर धो धो पाऊस आणि अंबेचं पाणी चढलेलं. १९८९ च्या जुलैतला पूर मी लहानपणी पाहिलेला. एक वाजता फोन केला. उचलला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, नाहीच. शेजाऱ्यांचाही लागेना. साहेबांना कसंबसं सांगून एसटीत बसलो. वाटेत मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

घरी पोचलो तर आई झोपाळ्यावर, संतापलेली. "गुडघे धरून उठते, माजघरात पोचते, तोवर तू बंद करतोस. परत येऊन टेकते तर पुन्हा घंटा! तीन हेलपाटे झाले, मेल्या!"

आणि मी काय केलं? फोन जवळ ठेवत नाही म्हणून तिलाच रागावलो.

भाच्याने ती ओळ लिहिली. दोन मिनिटांनी 'हेल्दी' अशी पाटी आली.

हल्ली मी एक वाजता फोन करीत नाही. सवड झाली की आईच करते. "जेवलास का?" काउंटरवर गर्दी असली आणि मी दोनदा उचलला नाही, तर तिसरा फोन थेट मॅनेजरसाहेबांना जातो.

मला सवड द्यायची ओळ तिने अजून लिहिलेली नाही.